पाणी, श्वास आणि पंचेचाळीस मिनिटांची बॅच

पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपास राहणाऱ्यांचा दिवस मध्यरात्रीनंतर केव्हातरी सुरू होतो. भाजीच्या गाड्या लागतात, टेम्पो मागे घेताना कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून ओरडत असतं, हमालांची ये-जा सुरू होते. हे सगळं गुलटेकडी-बिबवेवाडीच्या झोपेत इतकं मुरलेलं आहे की त्यानं कुणाला जाग येत नाही. करोनामुळे १० एप्रिल २०२० पासून फळं, भाजीपाला आणि कांदा-बटाट्याचा बाजार बंद झाला, तेव्हा पहाटे जाग येऊ लागली ती शांततेनं. पन्नास दिवस असे गेले. ३१ मे रोजी बाजार पुन्हा उघडला आणि आमच्या गल्लीत लोक खिडकीशी येऊन गाड्यांचे आवाज ऐकत उभे राहिले.

बाजार उघडला तो मोकाट नाही. आत जायला ओळखपत्र, गाड्यांवर मर्यादा, किरकोळ गिऱ्हाइकाला मज्जाव, दारावर ताप तपासणारा माणूस. कोथिंबिरीची जुडी शहराला रोज लागते, म्हणून हा बाजार कसा चालवता येईल, याचा कुणीतरी बसून विचार केला होता. मी त्या वेळी दुसऱ्याच एका कुलपाचा विचार करत होते. मी गेली वीस-बावीस वर्षं महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला पोहते. पुण्यात आम्ही त्याला टँकच म्हणतो. बाजाराच्या बाबतीत ‘कसा उघडायचा’ असा प्रश्न विचारला गेला. टँकच्या बाबतीत जवळजवळ दोन वर्षं ‘उघडायचा की नाही’ एवढाच प्रश्न राहिला. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे, ते मला सांगायचं आहे.

आधी तारखा पाहू. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. १३ मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात घोषणा केली आणि त्या मध्यरात्रीपासून पुण्यासह राज्यातल्या मोठ्या शहरांमधली चित्रपटगृहं, व्यायामशाळा आणि जलतरण तलाव बंद झाले. देशभरची टाळेबंदी त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आली. ज्या साथरोग कायद्याच्या आधारे हे आदेश निघाले तो १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. तेव्हा टँक बंद करणं बरोबरच होतं. विषाणू नवा होता, तो कसा पसरतो हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं, आणि अशा वेळी सगळंच थांबवण्याला दुसरा पर्याय नसतो.

माझा आक्षेप आहे तो उघडण्याच्या क्रमाला. उपाहारगृहं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेनं सुरू झाले. व्यायामशाळा दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. ५ नोव्हेंबरपासून चित्रपटगृहं, आणि त्याच आदेशात तलावही, पण फक्त राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरं उघडली. केंद्रानं फेब्रुवारी २०२१ पासून तलाव सगळ्यांना खुले करायला हरकत नाही असं म्हटलं, तोवर दुसरी लाट दाराशी येऊन ठेपली. मधल्या प्रत्येक आदेशाची जंत्री देत नाही. पण जानेवारी २०२२ मधली एक गोष्ट विसरता येत नाही. ओमायक्रॉनच्या वेळी ८ जानेवारीच्या आदेशात जिम, ब्यूटी पार्लर आणि तलाव तिन्ही बंद करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी आदेश दुरुस्त झाला आणि जिम आणि पार्लर निम्म्या क्षमतेनं चालू राहिले. तलाव बंदच. फेब्रुवारीत त्यांना निम्म्या क्षमतेची परवानगी मिळाली, मार्चमध्ये पुण्यासह चौदा जिल्ह्यांत पूर्ण क्षमतेची, आणि गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले निर्बंधच उठले.

चार भिंतींच्या आत, मास्क काढून, समोरासमोर बसून तासभर जेवण चालत होतं, आणि उघड्या आभाळाखाली पोहणं चालत नव्हतं. मला हे तेव्हाही पटलं नाही. आता जे माहीत झालंय त्यावरून तर मुळीच पटत नाही.

आमच्या टँकवर पंपघराच्या ओट्यावर एक लाकडी खोकं असायचं. त्यात दोन काचेच्या नळ्या, औषधाची छोटी बाटली आणि पिवळ्या रंगाच्या फिक्या-गडद छटांची पट्टी. पहिली बॅच उतरायच्या आधी तिथले काका नळीत टँकचं पाणी घेत, त्यात चार-पाच थेंब टाकत, बूच लावून नळी उलटसुलट करत आणि उजेडाकडे धरत. पाणी पिवळं व्हायचं.

“काका, आहे का क्लोरीन?”

“आहे की ताई. हे बघा, हळदीच्या पाण्यासारखं आलंय. आज ऊन आहे, दुपारी परत मारावं लागेल.”

ही ओटी टेस्ट. ग्रामपंचायतीच्या विहिरीपासून शहराच्या नळापर्यंत सगळीकडे हीच करतात. दिसायला साधी, पण काकांच्या त्या दोन वाक्यांत तलावाचं निम्मं शास्त्र आहे. क्लोरीन पाण्यात टाकलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं, आणि जंतू मारण्याचं खरं काम ते करतं. उन्हातली अतिनील किरणं त्याचा फडशा पाडतात, म्हणून उघड्या टँकमध्ये सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत पुरत नाही. दुसरं काम बिघडवतो तो पाण्याचा वाढलेला पीएच, म्हणजे घटलेली आम्लता. पीएच ७ असेल तर टाकलेल्यापैकी तीन चतुर्थांश क्लोरीन कामाच्या रूपात राहतं. पीएच ७.५ ला निम्मं, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे रजिस्टरमध्ये क्लोरीनचा आकडा चांगला दिसला, पण पीएच कुणी मोजलाच नाही, तर तो आकडा फसवा असू शकतो. ओटी टेस्टचीही एक मर्यादा आहे. घामातल्या, लघवीतल्या नायट्रोजनशी जोडलं जाऊन निकामी झालेलं क्लोरीनही ती पिवळंच दाखवते. मोकळं क्लोरीन किती, हे सांगणारी गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी वेगळी असते आणि ती प्रत्येक तलावावर असायला हवी. पोहून आल्यावर ज्या वासाला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतांशी या निकामी झालेल्या संयुगांचाच असतो. वास जितका उग्र, तितकं पाणी स्वच्छ, हा समज उलटा आहे.

करोनाच्या विषाणूला स्निग्ध आवरण असतं. साबणानं ते फुटतं, म्हणून तर आपण हात धूत होतो. क्लोरीनपुढेही ते टिकत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये विषाणूशास्त्रज्ञ वेंडी बार्कले यांच्या चमूनं हे प्रत्यक्ष तपासलं आणि एप्रिल २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन आणि ७ ते ७.२ पीएच असलेल्या पाण्यात विषाणूची संसर्गक्षमता तीस सेकंदांत हजार पटींहून अधिक घटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तर २०२० मध्येच सांगितलं होतं की तलावाच्या पाण्यातून ही लागण झाल्याचा शास्त्रीय पुरावा आढळलेला नाही.

दीड मिलिग्रॅम म्हणजे किती? पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँक धरा. साडेचारशे घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी. त्याला लागणारं क्लोरीन ६७५ ग्रॅम. आपल्याकडे टीसीएल पावडर वापरतात, तिच्यात ताजी असताना साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. म्हणजे दोन किलो पावडर. पोहणाऱ्यांचा घाम, तेल, पालापाचोळा आणि ऊन यांच्या वाट्याचं वेगळं धरावं लागतं आणि ते बरंच असतं, पण मुळात साडेचार लाख लिटर पाण्याची राखण करणारी वस्तू दोन किलोंची आहे. अट एकच, पोतं कोरडं आणि तोंड बांधलेलं हवं. दमट खोलीत उघड्या पडलेल्या टीसीएलमधलं क्लोरीन उडून जातं आणि उरतो तो नुसता चुना. मग काका रोज दोन किलो टाकत राहतील, आणि नळी पिवळी होणार नाही.

तेव्हा पाण्याची भीती बाजूला ठेवू. धोका होता तो हवेचा. लागण झालेल्या माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण दुसऱ्याच्या श्वासात जाणं, हा या रोगाचा मुख्य रस्ता. मग टँकवर श्वास कुठे कुठे सुटतो ते पाहायला हवं. फ्रीस्टाइल मारणारा माणूस तोंड पाण्यात असताना श्वास सोडतो आणि मान वळवून फक्त घेतो. त्याच्या उच्छ्वासाचा मोठा भाग क्लोरीनच्या पाण्यात जातो. तोच माणूस भिंतीशी आला, कठड्याला धरून धापा टाकू लागला आणि शेजारणीशी गप्पा मारू लागला, की गोष्ट बदलली. त्याहून वाईट कपडे बदलायची खोली. आमच्याकडे ती आठ बाय दहाची, वर एक झरोका, आत पंधरा जणी केस पुसतायत आणि बाहेर पुढच्या बॅचच्या पंधरा जणी दार वाजवतायत. पासाच्या खिडकीपुढची रांग तिसरी. तलाव धोक्याचा असेल तर तो या तीन ठिकाणी, आणि तिथला धोका कमी करण्याचे उपाय अगदी घरगुती आहेत.

इंग्लंडनं हे ओळखलं. तिथे उघडे तलाव ११ जुलै २०२० पासून सुरू झाले, बंदिस्त तलाव दोन आठवड्यांनी, २५ जुलैपासून. तिसऱ्या टाळेबंदीनंतरही उघडे २९ मार्च २०२१ ला, बंदिस्त १२ एप्रिलला. फरक पाण्याचा नव्हता, छपराचा होता. तिथल्या पोहणाऱ्यांना सांगितलं गेलं की पोशाख घरूनच आतून घालून या आणि अंघोळ घरी जाऊन करा. कपडे बदलायच्या खोलीचा प्रश्न एवढ्यानं निम्मा होतो.

आणि आपल्याकडे तर याहून चांगली सोय आधीपासून होती. बॅच. पंचेचाळीस मिनिटांची, शिट्टी वाजली की बाहेर. प्रत्येकाचा फोटो लावलेला पास, दारावर रजिस्टर, बॅचमध्ये माणसं मोजून. कोण, कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुणासोबत होतं याची शाईनं लिहिलेली नोंद. साथीच्या काळात सरकारं जे उभं करायला धडपडत होती, ती संपर्काची यादी आमच्या टँकवर आदल्या वर्षीही लिहिली जात होती आणि त्याच्या आदल्या वर्षीही. वर सांगितलेल्या टँकचं पाणी तीनशे चौरस मीटर. पन्नासांच्या बॅचला माणशी सहा चौरस मीटर येतात. बॅच निम्मी केली की बारा. दोन बॅचच्या मध्ये पंधरा मिनिटं रिकामी ठेवली की दाराशी दोन गर्द्या एकमेकींना भिडत नाहीत. मार्केट यार्डानं जे नियम नव्यानं बसवले, ते टँकच्या अंगातच होते.

मग एवढी भीती का राहिली? मला वाटतं, एकत्र पाण्यात उतरण्याची भीती जुनी आहे. अमेरिकेत १९४० च्या आणि पन्नाशीच्या दशकात उन्हाळा आला की पोलिओची साथ यायची आणि गावोगावचे तलाव बंद व्हायचे. पोलिओचा विषाणू मुख्यतः विष्ठेवाटे पसरतो आणि क्लोरीननं मरतो, तरी रिकामा तलाव हे त्या पिढीच्या भीतीचं चित्र होऊन बसलं. १२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं, त्यानंतर ते हळूहळू पुसलं गेलं.

आपल्याकडे सामायिक पाण्याची भीती याहून खोल आणि याहून क्रूर आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. बाबा आढावांनी १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती. त्याच बाबांच्या हमाल पंचायतीचं हमाल भवन आमच्या मार्केट यार्डात आहे, म्हणून मला हे आठवतं. ज्या समाजात पाण्याला कुणी हात लावायचा यावर डोकी फुटली, तिथे काही रुपयांचं तिकीट काढून कुणीही, कुणाच्याही शेजारी, एकाच पाण्यात उतरतो, ही मोठी कमाई आहे. ती बंद ठेवायची तर कारणही तितकंच भक्कम हवं. उंच इमारतींच्या सोसायट्यांना स्वतःचे टँक असतात. हमालाच्या, भाजीवाल्या मावशीच्या पोराला महापालिकेचा टँक बंद झाला की उरतो तो स्वारगेटच्या बाजूनं वाहणारा मुठा उजवा कालवा, नाहीतर खडकवासल्याचं पाणी. तिथे जीवरक्षक नसतो. बुडून मरणाऱ्यांची जगभरातली संख्या वर्षाला तीन लाखांच्या घरात आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच साथीच्या मध्यावर, एप्रिल २०२१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बुडण्यापासून बचावावर ठराव केला आणि २५ जुलै हा त्यासाठीचा दिवस ठरवला. मुलांना पोहायला शिकवणं हा त्या बचावाचा एक मुख्य उपाय. शिकण्याच्या वयातली दोन उन्हाळी शिबिरं मात्र आमच्या मुलांच्या हातून गेली.

खेळाडूंचं दुःख निदान ऐकू तरी आलं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवून जलतरणातला भारताचा चोवीस वर्षांचा दुष्काळ संपवणारा. जून २०२० मध्ये त्यानं जाहीरपणे लिहिलं की कदाचित निवृत्तीचा विचार करावा लागेल, कारण तलावच बंद आहेत. धावणारा गच्चीवर धावू शकतो, पोहणाऱ्याला पाणीच लागतं. पाण्याचा हातात बसलेला अंदाज काही आठवड्यांतच ढिला होतो. गुडघे गेलेल्या, पाठ धरलेल्या ज्या बायका माझ्या बॅचला येत, त्यांच्यासाठी कुणी लिहिलं नाही. आमच्यात एक आजी होत्या, त्यांना जमिनीवर काठी लागायची आणि पाण्यात लागत नसे. आठवड्यातून सहा दिवस पंचेचाळीस मिनिटं त्या काठीशिवाय चालायच्या. त्या पुन्हा आल्याच नाहीत.

बंद टँक जागच्या जागी सुखरूप राहतो, असंही नाही. पाणी तसंच ठेवलं तर क्लोरीन संपल्यावर आठवड्यात हिरवं पडतं आणि डासांना रान मोकळं होतं. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोहोचतो, म्हणून त्यात गप्पी मासे सोडावे लागतात. पाणी काढून टाकलं तर उन्हानं फरशा सुटतात आणि पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर रेटू लागलं की तळाला तडे जातात. भरलेल्या टँकचं वजनच त्याला खाली धरून ठेवत असतं. वाळूच्या गाळणीत ढेपा धरतात. शॉवरच्या पाइपांत महिनोन्महिने साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचे तुषार श्वासात गेले तर न्यूमोनिया होतो. म्हणून टँक उघडताना आधी सगळे नळ, सगळे शॉवर सोडून पाणी वाहू द्यायचं. गाळणी उलट्या प्रवाहानं धुवायची, क्लोरीनचा मोठा डोस देऊन टँक रिकामाच फिरवत ठेवायचा आणि ते खाली आल्यावर माणसं सोडायची. विजेची, विशेषतः पंपाची आणि पाण्याखालच्या दिव्यांची अर्थिंग तपासायची. एवढ्यावरही क्लोरीनला न जुमानणारा एक परजीवी आहे, क्रिप्टोस्पोरिडियम. नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो आठवडाभर तग धरतो. जुलाब होत असलेल्या मुलाला टँकमध्ये आणू नका, ही जुनी पाटी कोविडच्या पाट्यांखाली झाकली जाऊ नये.

आमचा टँक उघडला तेव्हा मी पहिल्या आठवड्यात गेले. बॅच निम्मी होती. कठड्यावर दोन-दोन हातांवर पिवळ्या रंगाचे पट्टे मारले होते, प्रत्येक पट्ट्याशी एकजण. उथळ बाजूला शिकाऊ मुली होत्या, नऊ-दहा वर्षांच्या. त्या वयात त्यांनी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली सूचना कुठली असेल तर तोंड झाकून घे, दुसऱ्याच्या अंगावर श्वास सोडू नकोस. एक मुलगी कठडा घट्ट धरून उभी होती. ओठ मिटलेले, गाल फुगवलेले.

“श्वास धरू नकोस बाळा,” शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. “तोंड पाण्यात घाल आणि फुंकर मार. जोरात. सगळा श्वास पाण्यात सोड.”

तिनं एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बुडबुडे आले.